सेंट पॅट्रिक्स डे परेड: फलकावर आयरिश कशी लिहावी, रस्त्यावर कशी बोलवून घ्यावी

लिफीकाठचा (धागाकर्ता)

१७ मार्चला आयर्लंडमध्ये गावोगावी परेड निघते आणि त्यात मराठी गटही उतरतात. ढोल असतो, लेझीम असते, नऊवारी असते. फलक तेवढा इंग्रजीत. तो आयरिशमध्ये करायचा आणि तेवढ्यावर न थांबता कडेला उभ्या माणसांच्या तोंडून दोन शब्द बाहेर काढायचे, यासाठी काय काय लागतं ते या धाग्यात गोळा करू.

मुहूर्तही जुळून येतो. २७ फेब्रुवारीला आपला मराठी भाषा गौरव दिन, आणि १ मार्चपासून त्यांचा 'शॅख़्तन न ग्वेलग्ये', म्हणजे आयरिशचा आठवडा. नाव आठवडा, चालतो १७ दिवस. १८९३ साली स्थापन झालेल्या 'कॉनरा न ग्वेलग्ये' या संस्थेने तो १९०२मध्ये सुरू केला.

सुरुवातीलाच एक आकडा देतो, कारण सगळी आखणी त्यावर अवलंबून आहे. २०२२च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये १८,७३,९९७ जणांनी आपल्याला आयरिश येते असं लिहिलं. साधारण ४० टक्के. शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे मात्र ७१,९६८. म्हणजे कडेला उभ्या दर पाचांत दोघांच्या डोक्यात ही भाषा आहे, फक्त शाळा सुटल्यापासून जिभेवर आलेली नाही. या गर्दीला शिकवायला जाऊ नका, आठवण करून द्या. ज्याचं उत्तर तिला आधीच पाठ आहे तेवढंच विचारा.

(उच्चार देवनागरीत देताना ख़ हा घशातून घासत येणारा समजावा.)

---

मुद्राराक्षस

फलकापासून सुरू करतो, कारण पैसे तिथे जातात आणि चुकाही तिथेच होतात.

माप ३ मीटर × १ मीटर. अक्षरांच्या उंचीचा ठोकताळा असा की आरामात वाचायचं तर दर ३ मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर. परेडमध्ये फलक २० मीटरवर असतानाच लोक वाचायला लागतात, त्यामुळे १७ सेंटिमीटरच्या खाली येऊ नका. 'लॉ एल्ये पॉद्रिग सॉना दीव' (सेंट पॅट्रिक्स डेच्या तुम्हाला शुभेच्छा) हे आयरिश लिपीत मोकळ्या जागा धरून २९ अक्षरांचं होतं. एका ओळीत बसवलंत तर जेमतेम १७ सेंटिमीटर मिळतात आणि दोन्ही कडा काठीला चिकटतात. 'पॉद्रिग'नंतर तोडून दोन ओळी केल्यात तर २५ सेंटिमीटरपर्यंत जाता येतं.

आता फाडा. स्वरावरची तिरपी रेघ, तिला फाडा म्हणतात. वरच्या ओळीत अशा तीन आहेत, खालच्या ओळीत एकही नाही, म्हणून ओळी जवळ आणता येतात. ही रेघ हरवण्याच्या तीन जागा:

१) फाइल पाठवताना फॉन्ट सोबत जात नाही, छापणाऱ्याच्या मशिनवर दुसराच फॉन्ट बसतो आणि रेघेच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं. पाठवण्याआधी सगळा मजकूर आउटलाइनमध्ये बदला.

२) व्हिनाइल कापून चिकटवत असाल तर फाडा हा अक्षरापासून सुटा तुकडा असतो. नको असलेलं व्हिनाइल सोलून काढताना तो कचऱ्याबरोबर निघून जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सोलण्याआधी मोजा, सोलल्यावर परत मोजा.

३) मोठ्या लिपीत (कॅपिटलमध्ये) टाइप करताना काही सजावटी फॉन्टमध्ये फाडासकट मोठी अक्षरंच नसतात.

जुन्या हस्तलिखितांसारख्या दिसणाऱ्या 'केल्टिक' फॉन्टचा मोह आवरा. त्यातल्या अस्सल वळणाच्या आर आणि एस या अक्षरांत फरक इतका कमी असतो की आयरिश वाचणाराही अडखळतो. शिवाय जुन्या लिपीत अक्षर मृदू झालं की त्यावर टिंब देत, आजच्या लिपीत त्यासाठी पुढे एच लावतात. हौशी डिझाइनर दोन्ही ठेवतात, टिंबही आणि एचही. शुद्धलेखनाच्या वहीत एकाच अक्षराला दोन वेलांट्या दिसाव्यात तसं ते दिसतं.

---

तिरपी_रेघ

मुद्राराक्षस, सगळं मान्य. त्यात माझी भर.

फाडा सजावटीचा नाही, तो गेला की शब्दच बदलतो. शॉन या नावावरची रेघ काढली की उरतो तो 'म्हातारा' हा शब्द. देशाच्या 'एर्ये' या नावावरून काढली तर 'ओझं'. केकच्या स्टॉलवर 'कॉका'ची रेघ गेली तर काय होतं ते इथे लिहीत नाही, कोश बघा, हसाल. आपल्याकडे दिन आणि दीन जसे वेगळे, तसंच.

दुसरी चूक सर्रास होते, आयरिश माणसांकडूनही. भाषेच्या नावाचं स्पेलिंग जी-ए-ई-आय-एल-जी-ई. घाईत ते जी-ए-ई-एल-आय-जी-ई होतं. भाषेच्या प्रचाराच्या फलकावर भाषेचंच नाव चुकलं तर फोटो फिरायला वेळ लागत नाही.

तिसरी फक्त मोठ्या लिपीत दिसते. आयरिशमध्ये काही शब्दांच्या पुढे व्याकरणामुळे एक अक्षर येऊन चिकटतं: 'गॉल्वेमध्ये' म्हणताना गॉल्वेच्या जीआधी एन येतो आणि उच्चार जीचा न राहता ङ होतो. सगळा फलक मोठ्या लिपीत केलात तरी हे चिकटलेलं अक्षर लहानच राहतं. ते मोठं केलं की वाचणाऱ्याला मूळ शब्द ओळखू येत नाही.

यामुळेच गावाचं नाव कोशातून उचलून 'मध्ये' किंवा 'हून'च्या पुढे तसंच ठेवू नका. कॉर्क म्हणजे 'कोर्की', पण 'कॉर्कहून' म्हणायचं तर 'ओ ख़ोर्की'. आपण 'पुणे'चं 'पुण्याहून' करतो, ते शेवट बदलतात त्याऐवजी सुरुवात बदलतात इतकंच. गावांची अधिकृत आयरिश नावं लोगनम डॉट आयईवर मिळतात, शब्द टांगलन डॉट आयईवर, आणि तिथे अनेक शब्दांचे तिन्ही बोलींतले उच्चार ऐकायलाही आहेत. यांत्रिक भाषांतराला हे सुरुवातीचे बदल नेमके जमतील याची खात्री नाही. फलक छापण्याआधी आयरिश येणाऱ्या एका माणसाने वाचलाच पाहिजे. बऱ्याच काउंटी कौन्सिलांत आयरिश भाषा अधिकारी असतो, त्याला मेल टाका. दोन ओळींसाठी कुणी नाही म्हणत नाही.

---

नवखी_डब्लिनकर

बाळबोध शंका: 'गेलिक' म्हणायचं की 'आयरिश'? आणि वरच्या वाक्यात शेवटी 'दीव' का? दुकानातल्या टोप्यांवर तर वेगळंच असतं.

---

तिरपी_रेघ

इंग्रजीत बोलताना 'आयरिश' म्हणा. 'गेलिक' म्हटलं की इथल्या माणसाला आधी फुटबॉल आठवतो, नाहीतर स्कॉटलंड. आयरिशमध्ये बोलताना 'ग्वेलग्ये'.

'दिच' म्हणजे तुला, एकाला. 'दीव' म्हणजे तुम्हाला, अनेकांना. टोपी एकाला दिली जाते म्हणून तिथे 'दिच', फलक गर्दीशी बोलतो म्हणून 'दीव'.

इथे मराठी माणूस हमखास घसरतो. त्यांच्यात आदरार्थी अनेकवचन नाही. समोर ऐंशीच्या आजी एकट्या असतील तर त्यांनाही 'दिच'च. आपण सवयीने 'दीव' म्हणतो, आणि आजी मागे वळून बघतात की आणखी कोण आलं.

---

पश्चिमवारा

बोलींचा मुद्दा सुटतोय. 'कसे आहात' हे एकच वाक्य तीन तऱ्हांचं आहे. दक्षिणेत मन्स्टरला 'कनस तॉ तू', पश्चिमेला कॉनख़्टला 'के ख़ी विल तू', उत्तरेला अल्स्टरला 'गजे मार तॉ तू'. उत्तरेकडच्या डनिगॉलच्या गावात दक्षिणेकडच्या कॉर्कचं वाक्य मिरवलंत तर कुणी चिडणार नाही, पण कोल्हापुरात नागपुरी बोलल्यासारखं होईल: समजतं सगळं, आपलं वाटत नाही. प्रमाण आयरिश १९५८पासून आहे, ती लिहिण्यासाठी वापरा. हाक मारायला मात्र परेड ज्या काउंटीत आहे तिथली बोली घ्या.

सरावाला अबर डॉट आयई वापरा. ट्रिनिटी कॉलेजचं आहे. वाक्य टाइप केलं की हव्या त्या बोलीत वाचून दाखवतं.

आणि उच्चार रोमन लिपीत लिहून वाटू नका, देवनागरीत लिहा. इंग्रजी पद्धतीने 'ट' आणि 'ड' म्हणायची सवय इथे नडते. आयरिशचे जाड (अ-ओ-उ या स्वरांशेजारचे) टी आणि डी दंत्य आहेत, आपल्या त-दजवळचे. तेच पातळ (इ-ए या स्वरांशेजारचे) झाले की पश्चिमेला आणि उत्तरेला च-ज कडे झुकतात. त्यामुळे 'जीअ दीव' हे देवनागरीत लिहिलं की उच्चार निम्म्याहून जास्त आपोआप बरोबर येतो.

---

कॉर्ककर

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. हिशेब करा: गट २० मीटर लांब आहे आणि सेकंदाला १ मीटर चालतो. एका जागी उभ्या माणसासमोरून तो २० सेकंदांत निघून जातो. एवढ्यात त्याला वाचून, समजून, लाज सोडून तोंड उघडायचं आहे. एकच देवाणघेवाण जमेल, दोन नाही.

ती देवाणघेवाण तयार आहे. अभिवादन 'जीअ दीव', म्हणजे 'देव तुमच्याबरोबर'. उत्तर 'जीअस म्विरा दीव', 'देव आणि मेरी तुमच्याबरोबर'. आपल्या रामरामला रामराम असतं, यांच्याकडे उत्तर देणारा एकाने वाढवतो. इथे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला हे उत्तर पाठ असतं. तुम्ही अर्धं म्हटलंत की उरलेलं आपोआप बाहेर येतं. 'गणपती बाप्पा' म्हटल्यावर गप्प राहणारा मराठी माणूस पाहिलाय का?

फलकाच्या पुढच्या बाजूला हाक आणि मागच्या बाजूला उत्तर छापा.

---

ताशा

शेवटचं वाक्य उलटं हवं. तुम्ही हाक तोंडाने देणार, ती ऐकू येणार आहे. गर्दीला वाचायला हवं ते उत्तर, आणि तेही फलक समोर येण्याआधी. म्हणून पुढच्या बाजूला 'जीअस म्विरा दीव' आणि शेजारी बोलणाऱ्या तोंडाचं साधं चित्र. मागची बाजू गट पुढे गेल्यावर दिसते, तिथे 'गुर मा अगिव', म्हणजे आभार. शुभेच्छांचा फलक वेगळा करा किंवा करूच नका. दोन फलक असतील तर शुभेच्छांचा पुढे, उत्तराचा हाक देणाऱ्यांच्या अगदी शेजारी.

आवाजाचंही बघा. ढोल सुरू असताना माणसाची हाक १० मीटरवर ऐकू येत नाही, तुम्ही कितीही घसा ताणा. वादनाचे तुकडे पाडा: साधारण १ मिनिट वादन, मग टोलवर थांबवून २० सेकंद शांतता आणि त्यात तीन हाका. ढोल थांबले तरी पाय थांबता कामा नयेत. गट थबकला की पुढच्या गटाशी अंतर पडतं आणि ते भरून काढायला स्वयंसेवक तुम्हाला पळवतात. मग हाका राहतात बाजूला. पुढे बँड असेल तर १५ ते २० मीटर अंतर ठेवा, नाहीतर तुमच्या शांततेत त्यांची पिपाणी वाजते.

हाक देणारे चौघे पुरेत, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आणि कडेच्या लोकांच्या डोळ्यांत बघून. हातकर्णा सोबत ठेवा, पण शेवटचा उपाय म्हणून. कर्ण्यातून आलेल्या आवाजाला लोक सूचना समजतात, उत्तर देत नाहीत.

---

कॉर्ककर

ताशा, बरोबर आहे तुमचं. उत्तर पुढच्या बाजूला.

---

मुद्राराक्षस

मग दोन्ही बाजू छापायच्या तर मध्ये काळा थर असलेलं जाड कापड घ्या, नाहीतर उन्हात मागचं पुढे दिसतं. (ऊन पडेल हे मी गृहीत धरतोय, आशावादी आहे.)

पण वाऱ्याचा हिशेब करा. ३ चौरस मीटर फलकावर ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरून आला तर साधारण २० किलोच्या वर रेटा बसतो. मार्चमध्ये असा वारा इथे काही विशेष नाही. वेग दीडपट झाला की रेटा सव्वादोनपट, ५० किलोच्या आसपास. फलकाला भोकं पाडून उपयोग होत नाही, तिथून कापड फाटतं. माप २ मीटर × ८० सेंटिमीटरवर आणा, रेटा जवळजवळ निम्मा होतो आणि 'जीअस म्विरा दीव' त्यात व्यवस्थित बसतं. काठ्या बाजूच्या शिवलेल्या नळीतून घाला आणि खाली आडवी काठी नको, चालणाऱ्याच्या गुडघ्याला लागते. धरणारे दोन, बदली दोन. जाळीदार कापड घ्यायचं तर फाडा किमान २ सेंटिमीटर जाड करा, बारीक रेघ जाळीत विरते.

---

नवखी_डब्लिनकर

फलकावर खाली लहान अक्षरात इंग्रजी अर्थ द्यावा का? गर्दीत पोलिश, ब्राझिलियन, आपले लोक, सगळेच असतात. ते इथल्या शाळेत गेलेले नाहीत.

---

पश्चिमवारा

नको. इथल्या रस्त्यांच्या पाट्यांवर आयरिश वर तिरप्या अक्षरात आणि इंग्रजी खाली ठळक मोठ्या लिपीत असते. रोज बघून डोळ्याला सवय लागली आहे: वरचं सोडायचं, खालचं वाचायचं. फलकावर इंग्रजी आलं की तीच सवय जागी होते. सरकारी संस्थांच्या स्वतःच्या फलकांना २००८पासून नियम आहे की आयरिश आधी, आणि इंग्रजीपेक्षा लहान किंवा फिकी नको. तुम्हाला तो लागू नाही, पण तो का करावा लागला याचा विचार करा.

अर्थ द्यायचा तो कार्डावर.

---

लिफीकाठचा

कार्डाबद्दल मी लिहितो. व्हिजिटिंग कार्डाचं माप, ३०० जीएसएम, गुळगुळीत लेप नसलेला कागद. लेपाच्या कार्डावर पावसाचं पाणी साचतं आणि हातातून निसटतं. पातळ कागदाचा लगदा होतो. अर्थ आणि गटाचं नाव सोडलं तर मजकूर तीनच ओळी: अभिवादन आणि उत्तर, 'गुर मा अगत' (आभार, एकाला), आणि 'अन विल ग्वेलग्ये अगत?' (तुला आयरिश येते का?). शेवटच्याचं उत्तर 'तॉ', 'नील' किंवा 'ब्यगॉन', म्हणजे आहे, नाही, थोडीशी. आयरिशमध्ये हो-नाहीला स्वतंत्र शब्द नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं. 'येतोस का?', 'येतो'. मराठी माणसाला हे सांगावंही लागत नाही, इंग्रजी घरातल्या मुलाला दोनदा सांगावं लागतं.

वाटणारे कडेने चालणारे चौघे, प्रत्येकी २०० कार्डं. पाऊण तासाच्या परेडमध्ये याहून जास्त हातात पोचत नाहीत, उरलेली रस्त्यावर पडतात. हातातच द्या, उधळलेली कार्डं हा कचरा आहे आणि तो कोणाचा ते कार्डावरच छापलेलं असतं. स्टिकरची कल्पना कुणीतरी काढेलच: स्टिकर मुलांना आवडतात, पण मागचा कागद शंभर टक्के रस्त्यावर जातो. द्यायचेच तर वाटणाऱ्याने सोलून कोटावर लावून द्यावेत, अर्थात विचारून.

---

तिरपी_रेघ

बिल्ल्यांबद्दल सावध. 'फॉन्ये' नावाची छोटी गोल पिन असते, १९१६पासूनची. सोनेरी म्हणजे सफाईने बोलणारा, चांदीची म्हणजे बऱ्यापैकी. ती शोभेची वस्तू म्हणून गटात वाटू नका. लावलेली दिसली की लोक थेट आयरिशमध्ये सुरू होतात, आणि तो तिचा हेतूच आहे. 'लौर ग्वेलग्ये लुम' (माझ्याशी आयरिश बोल) या बिल्ल्याचंही तेच. शिकणाऱ्यांनी 'तॉ मे ए फौलम' (मी शिकतोय) लावावा. समोरचा आपोआप हळू बोलतो.

इंटरनेटवरून घोषणा उचलू नका. 'आपला दिवस येईल' अशा अर्थाची एक आयरिश ओळ सगळीकडे सापडते, अर्थ गोड वाटतो, पण ती सशस्त्र संघर्षाची घोषणा आहे. उत्तर आयर्लंडात परेड असेल तर दुप्पट काळजी घ्या. २०२२च्या कायद्याने तिथे आयरिशला अधिकृत मान्यता मिळाली, पण भाषेभोवतीचं राजकारण संपलेलं नाही. अभिवादन आणि आभार यांवर कुणाचा आक्षेप नसतो.

---

ताशा

कागदपत्रांचं थोडक्यात: पब्लिक लायबिलिटी विमा बहुतेक आयोजक ६५ लाख युरोचा मागतात. समितीच्या विम्यात चालणारे गट धरलेत का ते आधी विचारा, धरले नसतील तर वेगळा काढायला वेळ लागतो. मुलं असतील तर सोबतच्या मोठ्यांच्या गार्डा (आयरिश पोलीस) तपासणीची चौकशी जानेवारीतच करा. गाडीवरून खाऊ फेकायला बंदी असते, चाकाखाली मूल जायचा धोका असतो म्हणून.

सराव: २० मिनिटांच्या तीन बैठका. पहिलीत उच्चार बसून, दुसरीत चालत, तिसरीत ढोलासकट. बसून येणारं वाक्य चालताना विसरतं, आणि ढोल थांबल्यावर कानात जो घुमारा असतो त्यात पहिली हाक नेहमी उशिरा पडते. टोल देणाऱ्यानेच पहिली हाक द्यावी.

---

कॉर्ककर

एक राहिलं, आणि सगळ्यात स्वस्त आहे. मंचावरचा निवेदक. तो तुमच्या अर्जातला परिच्छेद जसाच्या तसा वाचतो, म्हणून तो परिच्छेदच असा लिहा की २० सेकंदांत संपेल. पहिलं वाक्य आयरिशमध्ये, छोटं. पुढे इंग्रजीत गटाचं नाव, आणि शेवटी निवेदकाला स्पष्ट सूचना: 'आता हे तुम्हाला जीअ दीव म्हणतील, उत्तर द्या'. तो निवेदक इथलाच, त्याला आयरिश वाचता येतं. अडतं ते मराठी नावांवर. 'लेझीम' आणि 'ढोल-ताशा' यांचे उच्चार आयरिश स्पेलिंगच्या धाटणीने लिहून द्या, फाडासकट. शिवाय त्याच नावांचं १० सेकंदांचं रेकॉर्डिंग आदल्या दिवशी फोनवर पाठवा. निवेदकाचं कार्ड ए५ आकाराचं, अक्षरं १८ पॉइंटची, प्लास्टिकच्या पाकिटात. मंचावर छप्पर असेलच असं नाही.

---

नवखी_डब्लिनकर

'लेझीम'च्या स्पेलिंगमध्ये झेड येईल, आणि जुन्या आयरिश वर्णमालेत झेड नाही ना?

---

तिरपी_रेघ

नाही. १८ अक्षरांची ती, झेड बाहेरून आलेल्या शब्दांपुरता. एल-ई-झेड-फाडावाला आय-एम लिहा, वाचेल बरोबर. ईवर फाडा देऊ नका, 'लेऽझीम' होईल.